अभ्यासाची टाळाटाळ मोडायची असेल, तर वेळापत्रक सर्वांत शेवटी

शाळा सुरू होताना पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून वह्या-पुस्तके घरी येतात, त्यांच्याबरोबर एक मोठा तक्ताही येतो आणि त्यावर रंगीत पेनांनी अभ्यासाचे वेळापत्रक आखले जाते. गणपती येईपर्यंत ते भिंतीवर टिकते, पण त्याप्रमाणे कोणी अभ्यासाला बसत नसते. मग रागावणे सुरू होते, मोबाइल काढून घेतला जातो, आणखी एक क्लास लावला जातो आणि सहामाहीच्या निकालानंतर पहिल्यापेक्षा कडक असे दुसरे वेळापत्रक तयार होते. यांतील बहुतेक उपायांना योग्य वेळी जागा आहे. चूक होते ती क्रमात. वेळापत्रक फक्त ‘केव्हा बसायचे’ एवढेच सांगते. मूल मात्र बहुतेक वेळा ‘बसून नेमके काय करायचे’ आणि ‘ते मला जमणार आहे का’ या दोन प्रश्नांपाशी अडलेले असते. ते प्रश्न न सोडवता आखलेले वेळापत्रक कितीही सुबक असले तरी मोडतेच.

हा लेख सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी आहे. अकरावी-बारावीचे विद्यार्थी याच पायऱ्या स्वतःच्या स्वतः वापरू शकतात. साहित्य थोडेच लागते: एक शंभर पानी वही, काटे दिसणारे साधे घड्याळ आणि काही कोऱ्या चिठ्ठ्या. पहिल्या तीन पायऱ्यांना मिळून साधारण दोन आठवडे द्यावेत. या काळात अभ्यास वाढलेला दिसणार नाही आणि म्हणूनच बहुतेक घरांत या पायऱ्या वगळल्या जातात. कृपया त्या वगळू नयेत.

पायरी 1: आठवडाभर फक्त नोंद ठेवणे

वहीच्या पानावर चार रकाने आखावेत: काम कोणते, सुरू करायचे केव्हा ठरले होते, प्रत्यक्षात केव्हा सुरू झाले आणि मधल्या वेळात काय केले. पाचवा रकाना फक्त मुलाने भरायचा आहे. ते काम समोर येताच मनात काय आले, हे त्याने तीन-चार शब्दांत लिहावे. ‘कंटाळा आला’ हे उत्तर सुरुवातीला प्रत्येक ओळीत येईल. ते तसेच राहू द्यावे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या जागी ‘काही कळत नाही’, ‘हात दुखतो’, ‘बाई ओरडतील’, ‘खूप आहे’ असे अधिक नेमके शब्द येऊ लागतात.

हा रकाना एवढा महत्त्वाचा का आहे, ते समजून घेणे आवश्यक आहे. टाळाटाळ म्हणजे आळस किंवा वेळेचे नियोजन न जमणे, असे आपण धरून चालतो. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये याची जी मांडणी केली, तिचे सार असे की, टाळाटाळ करणारी व्यक्ती कामापेक्षाही त्या कामाने मनात उठणाऱ्या अप्रिय भावनेला टाळत असते. काम बाजूला सारताच क्षणभर बरे वाटते आणि त्या क्षणभराच्या सुटकेमुळे टाळण्याची सवय पक्की होत जाते. हे ध्यानात घेतले, तर रागावण्याने टाळाटाळ का वाढते, हेही उलगडते. आधीच नकोशा वाटणाऱ्या वहीला रागावण्याची आठवण चिकटली की ती वही आणखी नकोशी होते.

आठवड्याच्या शेवटी नोंदी वाचताना प्रत्येक विषयापुढे एक मुख्य कारण लिहावे. प्रत्यक्षात पुढील कारणे वारंवार आढळतात.

पाया कच्चा असतो. दहावीतील वर्गसमीकरणांची उदाहरणे रोज पुढे ढकलणाऱ्या मुलाला अनेकदा वर्गसमीकरणे अवघड जात नसतात. आठवीत शिकवलेले बैजिक राशींचे अवयव त्याला सुटत नसतात. अशा मुलाला दहावीच्या पुस्तकासमोर रोज एक तास जास्त बसवण्याचा काही उपयोग होत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आठवीच्या पुस्तकातील ते एक प्रकरण छापून घ्यावे आणि आठ-दहा दिवस तेवढेच सोडवून घ्यावे.

काम समजते, पण ते कंटाळवाणे आणि लांबलचक असते. प्रयोगवही, आकृत्या, नकाशे आणि स्वाध्यायांची लांब उत्तरे या गटात येतात.

भीती असते. ही मुले बहुधा हुशार असतात आणि त्यांच्याकडून घराची अपेक्षा मोठी असते. अर्धवट प्रयत्न करून कमी गुण पडले, तर ‘मी केलाच नव्हता अभ्यास’ असे म्हणता येते. पूर्ण प्रयत्न करून कमी पडले, तर म्हणायला काही उरत नाही. अशा मुलासमोर शेजारच्या मुलाचे टक्के काढणे हे माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करणारे वाक्य आहे.

काही वेळा कारण केवळ थकवा हे असते. त्याचा विचार पुढच्या पायरीत केला आहे.

सावधान: नोंदीच्या आठवड्यात पालकांनी नोंदींवर एकही शेरा मारू नये. पहिल्या शेऱ्यानंतर मूल खरे लिहिणे बंद करते आणि आठवडा वाया जातो.

तपासून पाहा: प्रत्येक विषयापुढे लिहिलेले कारण मुलाला मान्य आहे का? ते मान्य नसेल, तर त्याचे म्हणणे लिहावे, आपले नाही.

पायरी 2: दिवसात खरोखर किती वेळ आहे ते मोजणे

सकाळच्या सत्राच्या शाळेतील नववीचा विद्यार्थी घ्या. तो पावणेसहाला उठतो, सातला शाळेत असतो, दीड वाजता घरी येऊन जेवतो, पाच ते सात क्लासला असतो आणि कर्वे रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीतून पावणेआठला घरी पोहोचतो. अमेरिकेतील झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप लागते. किमान आठ तास धरले, तरी या मुलाने पावणेदहाला अंथरुणात असायला हवे. जेवण, अंघोळ, थोडा खेळ आणि दुपारची विश्रांती वजा केली, तर स्वतंत्र अभ्यासासाठी जेमतेम दोन ते अडीच तास उरतात. भिंतीवरच्या तक्त्यात मात्र पाच तास लिहिलेले असतात. मूल पहिल्याच दिवशी मागे पडते आणि चौथ्या दिवशी त्या तक्त्याकडे पाहणे सोडून देते.

म्हणून कोऱ्या पानावर आधी झोप लिहावी, मग शाळा, क्लास, प्रवास, जेवण आणि खेळ लिहावेत, आणि उरलेल्या वेळेवर खूण करावी. खेळ वजा करून वेळ वाढवण्याचा मोह टाळावा. ज्याला मोकळा वेळ अधिकृतपणे मिळत नाही, ते मूल तो अभ्यासाच्या वेळेतून चोरून घेते.

कामाला किती वेळ लागेल, याचा अंदाजही नेहमी कमीच निघतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी 34 दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते; प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. घरी वापरण्याजोगा नियम असा करता येईल: मूल जो वेळ सांगेल, त्याची दीडपट वेळ धरावी.

वर्षाचा हिशेबही याच वेळी करावा. पुण्यात गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि त्याआधीचे ढोल-ताशा पथकांच्या सरावाचे आठवडे, विशेषतः पेठांमध्ये आणि नदीकाठच्या भागात, संध्याकाळच्या अभ्यासाला अनुकूल नसतात. मूल पथकात जात असेल, तर तो वेळ उघडपणे लिहावा आणि त्या दिवसांत पहाटेचा एकच छोटा तुकडा अभ्यासासाठी ठेवावा. सहामाही परीक्षा त्यानंतर लवकरच येते, हे लक्षात ठेवून जुलै महिना जास्त वापरावा. दहावीच्या पालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा 2024 मध्ये 1 मार्चला सुरू झाली होती, तर 2025 मध्ये ती 21 फेब्रुवारीला सुरू झाली. ‘मार्चमध्ये परीक्षा’ या जुन्या सवयीने केलेली आखणी म्हणजे शेवटचे आठ-दहा दिवस गमावणे होय. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा तर त्याच्याही आधी होतात.

पायरी 3: कामाचे तुकडे पाडणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण टाळाटाळीचा मोठा भाग येथेच विरघळतो. ‘विज्ञान करायचे आहे’, ‘भूमिती पूर्ण करायची आहे’, ‘प्रकल्प द्यायचा आहे’ ही कामे नव्हेत. ती विषयांची नावे आहेत. त्यांना सुरुवात नसते, त्यामुळे मूल ती सुरू करू शकत नाही. कामाचा तुकडा ओळखण्याच्या तीन खुणा सांगता येतील. त्याच्या शेवटी क्रियापद असावे, तो साधारण पंचवीस मिनिटांत संपावा आणि तो संपल्यावर दाखवता येईल असे काहीतरी कागदावर उरावे. ‘धडा वाचणे’ या कसोटीला उतरत नाही. ‘धडा वाचून पुस्तक मिटणे आणि पाच ओळींत आठवेल ते लिहिणे’ उतरते. असा प्रत्येक तुकडा एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहावा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, जलसुरक्षा या विषयासाठी ‘आपल्या सोसायटीतील पाण्याचा वापर’ असा प्रकल्प तीन आठवड्यांत द्यायचा आहे. बहुतेक मुले मुखपृष्ठापासून सुरुवात करतात. जाड कागद आणतात, कडा सजवतात, शीर्षक रंगवतात, आणि प्रकल्प सुरू झाल्याचे समाधान मिळाल्यामुळे पुढचे दोन आठवडे त्याला हात लावत नाहीत. ही टाळाटाळच आहे, फक्त ती कामासारखी दिसते. योग्य क्रम पुढीलप्रमाणे लावावा.

सर्वांत आधी, ज्या गोष्टी दुसऱ्यांवर अवलंबून आहेत त्या सुरू कराव्यात. सोसायटीच्या सचिवांना किंवा पाणी सोडणाऱ्या काकांना विचारायचे पाच प्रश्न एका कागदावर लिहावेत: टाकी किती लिटरची आहे, महापालिकेचे पाणी किती वाजता येते, टँकर कोणत्या महिन्यांत लागतो, पावसाचे पाणी साठवण्याची सोय आहे का, गळती शेवटची केव्हा तपासली. हा पहिला तुकडा होय. दुसरा तुकडा म्हणजे त्यांना भेटून उत्तरे लिहून घेणे. ते पहिल्या वेळी भेटणार नाहीत, म्हणूनच हा तुकडा पहिल्या आठवड्यात हवा. त्याच आठवड्यात, ज्यांना दिवस लागतातच अशी कामे सुरू करावीत: घरात पिण्यासाठी, आंघोळीसाठी, भांड्यांसाठी आणि कपड्यांसाठी किती बादल्या पाणी लागते, याची सलग तीन दिवस नोंद ठेवावी. दुसऱ्या आठवड्यात त्या नोंदींचा तक्ता करावा, आलेख काढावा आणि पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा नकाशा व अर्धे पान माहिती तयार करावी. तिसऱ्या आठवड्यात निष्कर्ष लिहावेत, मग स्वच्छ प्रत करावी. मुखपृष्ठ शेवटच्या दिवशी, बक्षीस म्हणून करावे.

प्रयोगवहीसाठी वेगळा नियम आहे. निरीक्षणे आणि आकडे प्रयोग झाला त्याच दिवशी वहीत गेले पाहिजेत, भले आकृती रविवारी काढावी. तपासणीच्या आदल्या रात्री दुसऱ्याची वही समोर ठेवून सगळे प्रयोग उतरवणे हा प्रकार इतका रूढ झाला आहे की पालकही मदतीला बसतात. त्यातून मुलाला एकच धडा मिळतो, तो म्हणजे शेवटच्या रात्री सगळे निभावते.

गणितात तुकडा आणखी लहान ठेवावा. पुस्तकातील सोडवून दाखवलेले उदाहरण झाकून स्वतः सोडवणे हा एक तुकडा. त्याच सरावसंचातील पहिली दोन उदाहरणे हा दुसरा. ज्या मुलाच्या नोंदीत ‘भीती’ किंवा ‘काही कळत नाही’ असे आले आहे, त्याचा पहिला तुकडा पाच मिनिटांचा असला तरी चालेल.

तपासून पाहा: मुलाला विचारावे, ‘‘आता बसल्यावर सगळ्यांत आधी हाताने काय करणार?’’ उत्तरात विषयाचे किंवा धड्याचे नाव आले, तर तुकडा अजून मोठा आहे. ‘‘रफ वही काढून पान 36 वरची आकृती पेन्सिलने काढणार’’ असे उत्तर आले, तर काम तयार आहे.

पायरी 4: जागा आणि मोबाइल यांची व्यवस्था आधीच लावणे

अभ्यासाची स्वतंत्र खोली आवश्यक नाही. दोन खोल्यांच्या घरात चटई, लहान डेस्क आणि भिंतीकडे तोंड एवढे पुरते. आवश्यक आहे ते एवढेच की ती जागा रोज तीच असावी आणि तेथे बसण्यापूर्वी पुस्तक, वही, पट्टी-पेन्सिल आणि पाण्याची बाटली जवळ असावी. दर दहा मिनिटांनी उठण्याचे निमित्त मिळाले की सुरुवात पुन्हा पुन्हा करावी लागते आणि सुरुवात हाच तर अवघड भाग आहे. त्या दोन तासांत घरातला टीव्ही बंद ठेवणे मोठ्यांना जड जाते, हे खरे आहे. तरीही तो बंद ठेवावा.

सदाशिव आणि नारायण पेठेतील अभ्यासिकांबद्दल पालक वारंवार विचारतात. तेथील वातावरण स्पर्धा परीक्षांच्या मोठ्या विद्यार्थ्यांसाठी असते. बारावीनंतरच्या मुलांना त्याचा फायदा होतो. आठवी-नववीच्या मुलाला तेथे एकट्याने पाठवणे मला योग्य वाटत नाही. त्याला काय करायचे हे ठरलेले नसेल, तर तो तेथेही तेच करील, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ जाईल.

मोबाइलचा प्रश्न खरा आहे, कारण गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर येतो आणि क्लासच्या चित्रफिती यूट्यूबवर असतात. सरसकट बंदी म्हणूनच टिकत नाही. पुढील व्यवस्था टिकते. अभ्यासाला बसण्यापूर्वी दहा मिनिटे, शक्यतो पालकांच्या मोबाइलवरून, आलेला सगळा गृहपाठ वहीत हाताने उतरवून घ्यावा. त्यानंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत, ठरलेल्या जागी ठेवावा. उलटा करून टेबलावर ठेवणे म्हणजे दूर ठेवणे नव्हे. अभ्यास करताना एखादी शंका आली किंवा मित्राला काही विचारावेसे वाटले, तर ते वेगळ्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहावे आणि सगळ्या शंका शेवटी एकदाच पाहाव्यात. चिठ्ठीवर उतरलेल्या शंकांपैकी बऱ्याच शंका तासाभरात आपोआप सुटतात किंवा बिनमहत्त्वाच्या ठरतात.

सावधान: भांडणाच्या मधोमध मोबाइल हिसकावून घेऊ नये. जागा आणि वेळ शांतपणे, आधी ठरवावी, आणि त्या वेळेत आई-बाबांचे मोबाइलही त्याच जागी असावेत.

पायरी 5: सुरुवातीचा संकेत ठरवणे

‘सहाला बसतो’ हे वाक्य सहा वाजून दोन मिनिटांनी निरुपयोगी होते. सहा चुकले की सव्वासहा, मग साडेसहा, मग जेवणानंतर. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात दाखवून दिले की, नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा ठरावीक रूपातला निश्चय अधिक वेळा पार पडतो. घड्याळाऐवजी रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या कृतीला अभ्यास जोडावा. ‘दूध पिऊन पेला विसळून ठेवला की मी चटईवर बसून पहिली चिठ्ठी उघडीन.’ क्लासहून येणारी बस उशिरा आली, तरी हे वाक्य मोडत नाही. दूध उशिरा प्यायले जाते, इतकेच.

अशी दोन वाक्ये मुलाने स्वतःच्या हाताने लिहावीत. पहिले सुरुवातीचे, दुसरे अडथळ्याचे: ‘उदाहरण दोनदा करूनही अडले, तर मी त्यापुढे खूण करून पुढचे घेईन.’ दुसरे वाक्य नसेल, तर पहिल्या अडचणीला मूल उठते आणि त्या दिवशी परत बसत नाही.

सुरुवातीला कोणते काम घ्यावे, याबद्दल मतभेद आहेत. सर्वांत अवघड काम आधी करावे, असे सांगितले जाते. टाळाटाळीची सवय लागलेल्या मुलासाठी मी तो सल्ला देत नाही. त्याने काल अर्धवट राहिलेल्या कामापासून सुरुवात करावी. त्यासाठी रोज अभ्यास थांबवताना पुढची कृती एका ओळीत लिहून ठेवावी, जसे ‘उद्या: उदाहरण 3, दुसऱ्या पायरीपासून’. दुसऱ्या दिवशी विचार करायचा नसतो, फक्त पुढे लिहायचे असते. अवघड काम दुसऱ्या क्रमांकावर घ्यावे, तेव्हा हात चालू झालेला असतो.

पायरी 6: आता वेळ लावणे आणि त्या वेळात खरे काम करणे

इथे वेळापत्रकाची पाळी येते. फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने 1980च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या अभ्यासासाठी स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून 25 मिनिटे काम आणि 5 मिनिटे विश्रांती अशी पद्धत सुरू केली. आज ती सर्वत्र वापरली जाते. आकडा मात्र पवित्र मानू नये. सातवी-आठवीच्या मुलाने पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि सलग आठवडाभर जमले की पाच मिनिटे वाढवावीत. दहावीतील गणिताच्या आणि विज्ञानाच्या प्रत्येक भागाची प्रश्नपत्रिका 40 गुणांची आणि दोन तासांची असते. त्यामुळे डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा पूर्ण दोन तास न उठता सराव प्रश्नपत्रिका सोडवण्याची सवय लावावी. पंचवीस मिनिटांनंतर उठण्याची सवय झालेले मूल परीक्षेच्या दालनात मध्येच लक्ष हरवून बसते.

विश्रांतीत मोबाइल नको. गच्चीवर चक्कर, पाणी, आजीशी दोन शब्द, काहीही चालेल. पाच मिनिटांचा व्हिडिओ पाच मिनिटांत संपत नाही.

बसलेले मूल अभ्यास करते आहे की नाही, हे ओळखणेही आवश्यक आहे. धडा पुन्हा पुन्हा वाचणे, ओळी रंगीत पेनाने रंगवणे, नोट्सची तिसरी सुंदर प्रत काढणे ही कामे सोपी वाटतात म्हणूनच निवडली जातात. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत अधिक आठवले. पण आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत, ज्यांनी उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिला होता, ते पुढे होते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून प्रत्येक तुकड्यातील शेवटची पाच ते सात मिनिटे पुस्तक मिटून आठवेल ते लिहिण्यासाठी राखावीत.

तपासून पाहा: तुकडा संपल्यावर कागदावर मुलाचे स्वतःचे, न पाहता लिहिलेले काही आहे का? नसेल, तर बसणे झाले, अभ्यास झाला नाही.

पायरी 7: पालकांनी केव्हा आणि काय विचारावे

दिवसातून दोन वेळा विचारावे, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, दोन्ही वेळा दोन-दोन मिनिटे. ‘‘झाला का अभ्यास?’’ या प्रश्नाला ‘‘हो’’ याशिवाय उत्तर नसते, म्हणून तो विचारू नये. ‘‘आज कोणती चिठ्ठी आधी?’’ आणि शेवटी ‘‘काय लिहिलंस, दाखव बरं’’ एवढे पुरते. दाखवलेल्या कागदात चुका असतील, तरी त्या दिवशी सुरुवात वेळेवर झाली असेल, तर आधी त्याचीच दखल घ्यावी. अक्षराबद्दल त्या वेळी काही बोलू नये. मधल्या वेळात दाराशी जाऊन डोकावणे टाळावे. देखरेखीखाली बसलेले मूल देखरेख संपताच उठते. आजी-आजोबा घरी असतील, तर शेवटचा प्रश्न त्यांनी विचारणे अनेकदा अधिक लाभते, कारण त्यांच्याशी बोलताना गुणांची भीती नसते.

पायरी 8: मोडलेला दिवस सांभाळणे

व्यवस्था मोडणारच. लग्न निघते, ताप येतो, क्रिकेटचा सामना असतो किंवा काहीच कारण नसते. अशा दिवसानंतरची नेहमीची चूक म्हणजे आजचे अधिक कालचे असे दुप्पट काम लावणे. दुप्पट कामाला सुरुवात दुप्पट अवघड असते, त्यामुळे दुसरा दिवसही जातो. मोडलेल्या दिवसानंतर फक्त एकच तुकडा करावा, तोही लहान.

मुलाने स्वतःला फार दोष देऊ नये, हा केवळ मायेचा सल्ला नाही. वोल, पिचिल आणि बेनेट यांनी 2010 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधीच्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले होते, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केल्याचे आढळले. अपराधीपणा हीदेखील एक अप्रिय भावना आहे आणि वही उघडली की ती समोर येते. साहजिकच वही मिटलेली राहते.

रविवारी संध्याकाळी वीस मिनिटे मुलाबरोबर बसून उरलेल्या चिठ्ठ्या पाहाव्यात. तीन वेळा पुढे ढकललेली चिठ्ठी एकतर आणखी लहान तुकड्यांत फोडावी किंवा तिच्यामागचे कारण नव्याने शोधावे. तीच चिठ्ठी चौथ्यांदा तशीच पुढे नेऊ नये.

घरच्या उपायांनी भागत नसेल तेव्हा

दोन महिने नीट प्रयत्न करूनही काही प्रकार बदलत नाहीत, आणि ते ओळखणे ही पालकांची मोठी जबाबदारी आहे. तोंडी उत्तरे चांगली देणारे मूल लिहिताना सतत अडते, अक्षरांची उलटापालट करते किंवा वाचताना ओळ हरवते, तेव्हा अध्ययन अक्षमतेची शक्यता तपासून घ्यावी. आवडत्या गोष्टीतही दहा मिनिटे लक्ष टिकत नसेल आणि हे लहानपणापासून, शाळेत आणि घरी दोन्हीकडे दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना दाखवावे. पूर्वी हसतखेळत राहणारे मूल मित्रांपासून दूर राहू लागले, त्याची झोप-भूक बदलली, ‘माझा काही उपयोग नाही’ असे ते बोलू लागले, तर अभ्यासाचा विषय त्या क्षणी पूर्ण बाजूला ठेवावा आणि त्याच्याशी बोलावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या 14416 क्रमांकाच्या विनामूल्य मदतवाहिनीवर कोणत्याही वेळी संपर्क साधता येतो. पालकही फोन करू शकतात.

अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात, परंतु त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागते आणि तपासण्या, भेटी, कागदपत्रे यांत बराच काळ जातो. शंका असेल, तर दहावीचे अर्ज भरायची वेळ येईपर्यंत थांबू नये. नववीच्या पहिल्या सत्रातच वर्गशिक्षकांना भेटून शाळेचे पत्र घ्यावे आणि तपासणीची वेळ ठरवावी.